प्रवेश नसलेला शिक्षक : व्हिव्हियन थॉमस यांचे आत्मकथन आणि तज्ज्ञ घडविण्याची व्यवस्था

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य दलित वाचकाला परके नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला, तेव्हापासूनचे हे नाते आहे. १९७२ साली दलित पँथरने तर आपले नावच तिकडून घेतले. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिकडची कविता, कादंबरी आणि आत्मचरित्रे यांची मराठीला ओळख करून दिली. परंतु या देवघेवीत आपली नजर बहुधा कवींवर, कादंबरीकारांवर आणि चळवळीच्या नेत्यांवरच खिळून राहिली. प्रयोगशाळेत उभे आयुष्य काढलेल्या एका कृष्णवर्णीय माणसाने आपल्या कामाविषयी लिहिलेल्या पुस्तकाची चर्चा आपल्याकडे व्हावी तशी झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. व्हिव्हियन थॉमस हे त्या माणसाचे नाव. पुस्तक १९८५ साली प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, पुस्तक वाचकांच्या हाती पडण्याच्या सुमारास, थॉमस यांचे निधन झाले.

मी डॉक्टर नाही. तालुक्याच्या गावी महाविद्यालयात साहित्य शिकवते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. मग हृदयाच्या शस्त्रक्रियेशी संबंधित पुस्तकाविषयी मी का लिहावे? कारण वरवर पाहता हे वैद्यकाचे पुस्तक असले, तरी त्याचा खरा विषय शिक्षणाची रचना हा आहे. वैद्यकाच्या एखाद्या अतिविशेष शाखेतील तज्ज्ञ कसा घडवावा, त्याच्या प्रशिक्षणाचा आराखडा कसा आखावा, त्यात कोणाला घ्यावे, कोणाकडून शिकवून घ्यावे आणि शेवटी कागदावर कोणाचे नाव लिहावे, हे सगळे प्रश्न या पुस्तकात आहेत. ते प्रश्न विचारणारा माणूस मात्र त्या आराखड्यात कोठेच नव्हता. म्हणूनच त्याची साक्ष मोलाची आहे.

१

प्रथम ही व्यवस्था समजून घेतली पाहिजे. १८८९ साली बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले. तेथील शल्यचिकित्सेचे प्रमुख विल्यम हॉल्स्टेड यांनी जर्मनीतील पद्धतीच्या धर्तीवर शल्यविशारद घडविण्याची एक रीत बसविली. डॉक्टरने रुग्णालयातच राहायचे, वरिष्ठांच्या हाताखाली काम करायचे आणि हात जसजसा बसेल तसतशी अधिक जबाबदारी घ्यायची. ‘निवासी डॉक्टर’ हा शब्द तेथून आला. ही रचना मनोऱ्यासारखी होती. पायथ्याशी पुष्कळ जण भरती होत, मधल्या प्रत्येक पायरीवर काही गळत आणि शिखरावर एकच मुख्य निवासी डॉक्टर उरे. पुढे वैद्यकाच्या शाखा वाढल्या, शाखांना उपशाखा फुटल्या आणि निवासी प्रशिक्षणानंतर आणखी काही वर्षांची फेलोशिप घेण्याची पद्धत रूढ झाली. आज अमेरिकेत बालहृदयरोगतज्ज्ञ व्हायचे असेल तर बालरोगशास्त्राची तीन वर्षे आणि त्यावर फेलोशिपची तीन वर्षे काढावी लागतात. आपल्याकडे एम.डी. किंवा एम.एस. नंतरचे तीन वर्षांचे डी.एम. आणि एम.सीएच. हे अभ्यासक्रम याच जातीचे आहेत.

असा आराखडा आखणाऱ्याला सहा गोष्टी ठरवाव्याच लागतात. प्रवेश कोणाला? शिकवायचे काय? शिकवणार कोण? शिकणाऱ्याच्या हाती काम केव्हा आणि किती विश्वासाने सोपवायचे? त्याची पारख कोणी व कशी करायची? आणि अखेरीस प्रमाणपत्रावर व शोधनिबंधावर नाव कोणाचे? वैद्यकीय शिक्षणाचे जाणकार यांना तांत्रिक प्रश्न मानतात. माझ्या मते यांतील प्रत्येक प्रश्न सामाजिक आहे आणि थॉमस यांचे आत्मकथन हा त्याचा पुरावा आहे. या सहा प्रश्नांच्या उजेडात ते वाचले म्हणजे त्याचे मोल कळते.

२

थॉमस यांचा जन्म १९१० सालचा, लुइझियाना राज्यातला. वाढले ते टेनेसीतील नॅशव्हिल शहरात. वडील सुतार होते आणि मुलगाही त्यांच्या हाताखाली तेच काम शिकला. डॉक्टर व्हावे ही लहानपणापासूनची इच्छा. त्यासाठी सुतारकामाचे पैसे साठवून महाविद्यालयात जायचा बेत होता. १९२९ च्या मंदीने हातचे काम गेले. १९३० च्या फेब्रुवारीत व्हँडरबिल्ट विद्यापीठात आल्फ्रेड ब्लॅलॉक या तरुण शल्यचिकित्सकाच्या प्रयोगशाळेत त्यांनी तात्पुरती नोकरी धरली. त्याच वर्षी बँक बुडाली आणि शिक्षणासाठी साठवलेली पै न् पै गेली. तात्पुरती नोकरी जन्माची झाली.

येथे १९१० या सालाविषयी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. थॉमस जन्मले त्याच वर्षी अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षणाविषयीचा अब्राहम फ्लेक्सनर यांचा सुप्रसिद्ध अहवाल प्रसिद्ध झाला. निकृष्ट महाविद्यालये बंद करून शिक्षणाचा दर्जा वाढवावा हा त्याचा हेतू होता, आणि दर्जा वाढलाही. परंतु कृष्णवर्णीयांसाठी तेव्हा जी सात वैद्यकीय महाविद्यालये होती, त्यांपैकी हॉवर्ड आणि मेहॅरी ही दोनच टिकवण्याजोगी आहेत असे फ्लेक्सनर यांनी ठरविले. पुढच्या काही वर्षांत बाकीची पाच बंद पडली. काळ्या डॉक्टरने शल्यकर्मापेक्षा स्वच्छता आणि आरोग्यरक्षण शिकावे, असाही त्या अहवालाचा कल होता. गुणवत्तेच्या नावाने आखलेला आराखडा कोणाच्या वाट्याला सुरी देतो आणि कोणाच्या वाट्याला झाडू, हे आपल्याला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. जे विद्यापीठ थॉमस यांच्याकडून पुढे शल्यचिकित्सेचे संशोधन करून घेणार होते, त्याच्या कागदोपत्री त्यांची नोंद झाडूवाल्यांच्या वर्गात होती. पगारही त्याच वर्गाचा.

अशा माणसाला शिकवायचे काय, याचा आराखडा कोणीच केला नव्हता. तरीही पुस्तकातील व्हँडरबिल्टची प्रकरणे वाचताना आश्चर्य वाटते ते असे की, उत्तम फेलोशिपमध्ये जे जे असावे ते सर्व येथे आहे. आरंभी थॉमस दुसऱ्याचे प्रयोग पाहतात आणि नोंदी ठेवतात. जोसेफ बिअर्ड या तरुण डॉक्टरकडून शरीरक्रियाशास्त्र आणि रसायनशास्त्राचे धडे घेतात. मग प्राण्याला भूल देणे, रक्तवाहिनी उघडणे, रक्तदाब मोजणे ही कामे एकेक करून त्यांच्याकडे येतात. काही काळाने ब्लॅलॉक सकाळी प्रश्न सांगून जातात आणि प्रयोग थॉमस एकट्याने पार पाडतात. जखमी माणसाला येणारा ‘शॉक’ हा रक्त आणि द्रव शरीरातून कमी झाल्यामुळे येतो, हे ब्लॅलॉक यांचे कीर्तिदायी संशोधन याच प्रयोगांवर उभे आहे. हॉल्स्टेड यांनी सांगितलेली पायरीपायरीने वाढणारी जबाबदारी ती हीच. एवढेच की, या पायऱ्या ज्या माणसाने चढल्या त्याच्यासाठी वर दरवाजा ठेवलेला नव्हता.

याच संदर्भात पुस्तकातील एक प्रसंग फार महत्त्वाचा आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत थॉमस यांच्या हातून काही चूक झाली, तेव्हा ब्लॅलॉक यांनी संतापून शिवीगाळ केली. वंशभेदाने वेढलेल्या दक्षिणेतील शहर, मंदीचा काळ, गाठीला पैसा नाही, वय एकोणीस. थॉमस ब्लॅलॉक यांच्याकडे गेले आणि, अशी भाषा होणार असेल तर मी काम सोडतो, असे शांतपणे सांगून टाकले. ब्लॅलॉक यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि पुन्हा तसे झाले नाही. शिकणाऱ्याचा अपमान हाच शिक्षणाचा भाग मानण्याची रीत वैद्यकात फार जुनी आहे आणि आपल्या रुग्णालयांतूनही ती गेलेली नाही. प्रशिक्षणाच्या आराखड्यात जे कलम कोणी लिहीत नाही, ते या एकोणीस वर्षांच्या मुलाने स्वतःपुरते लिहून घेतले.

३

१९४१ साली ब्लॅलॉक जॉन्स हॉपकिन्समध्ये शल्यविभागाचे प्रमुख म्हणून गेले आणि थॉमस यांना बरोबर घेऊन गेले. येथे ब्लॅलॉक यांच्याविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. तरुणपणी याच हॉपकिन्समध्ये शल्यचिकित्सेचे निवासी प्रशिक्षण मिळावे म्हणून ते झटले होते. ते न मिळाल्याने १९२५ मध्ये त्यांना व्हँडरबिल्टची वाट धरावी लागली होती. म्हणजे मनोऱ्याने गाळलेला माणूस त्याच मनोऱ्याचा प्रमुख होऊन परत आला. गोऱ्या माणसासाठी एक दार बंद झाले तर दुसरे उघडते. त्याच्याबरोबर आलेल्या माणसाला मात्र हॉपकिन्सच्या आवारात पांढरा कोट घालून चालताना लोक थांबून पाहत, कारण तेथे इतर कृष्णवर्णीय नोकर होते ते साफसफाईचे. हॉपकिन्सच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी पदवीधर झाले ते १९६७ साली.

हेलन टाउसिग या तेथे मुलांच्या हृदयरोगाचे चिकित्सालय चालवीत. त्या स्त्री होत्या, कानांनी त्यांना नीट ऐकू येत नसे आणि मुलांच्या छातीची धडधड त्या हाताने चाचपून ओळखत. हृदयात जन्मजात दोष असलेली आणि फुप्फुसाकडे पुरेसे रक्त न गेल्याने ओठ-नखे निळी पडलेली मुले त्यांच्यासमोर मरत. त्यांनी १९४३ साली ब्लॅलॉक आणि थॉमस यांच्यापुढे हा प्रश्न मांडला. उत्तराचा धागा जुनाच होता. हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसाच्या धमनीला शिवण्याचा प्रयोग व्हँडरबिल्टमध्ये निराळ्याच हेतूने करून झाला होता आणि त्या हेतूपुरता फसलाही होता. थॉमस यांनी आधी कुत्र्यांमध्ये हा रोग निर्माण करण्याची रीत शोधली, मग त्यावरच्या शस्त्रक्रियेची. एवढ्या बारीक रक्तवाहिन्या शिवायला सुया नव्हत्या, म्हणून सुया कापून, घासून, टोके काढून घेतल्या. येथे सुताराचा मुलगा कामाला आला.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी पंधरा महिन्यांच्या, जेमतेम चार किलो वजनाच्या मुलीवर ही शस्त्रक्रिया झाली. सुरी ब्लॅलॉक यांच्या हातात होती. थॉमस त्यांच्या पाठीमागे स्टुलावर उभे राहून टाका कोठून, कोणत्या दिशेने घ्यावा ते सांगत होते. कारण त्यांनी ती शस्त्रक्रिया प्रयोगशाळेत कितीतरी वेळा केली होती आणि ब्लॅलॉक यांनी थॉमस यांचा मदतनीस म्हणून एकदाच. ती मुलगी पुढे काही महिन्यांनी दगावली, परंतु मार्ग सापडला होता. १९४५ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात जो शोधनिबंध आला त्यावर दोन नावे होती : ब्लॅलॉक आणि टाउसिग. शस्त्रक्रियेलाही तीच दोन नावे मिळाली. तिसरे नाव जोडून बोलण्याची रीत अलीकडची आहे.

यानंतर जे घडले ते प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. मुलांच्या हृदयाचा रोग ओळखूनही काही उपाय नव्हता, तोवर त्या ज्ञानाला व्यवहारात फारशी किंमत नव्हती. आता उपाय सापडला. देशोदेशीचे डॉक्टर टाउसिग यांच्याकडे शिकायला येऊ लागले, आणि १९६१ साली बालहृदयरोग ही बालरोगशास्त्राची उपशाखा म्हणून स्वतंत्र परीक्षेसह मान्य झाली. शल्यचिकित्सेच्या बाजूने ब्लॅलॉक यांच्या हाताखाली जे तरुण तयार झाले, त्यांत डेंटन कूली यांच्यासारखे पुढे जगभर गाजलेले हृदयशल्यविशारद होते; कित्येक जण ठिकठिकाणच्या विभागांचे प्रमुख झाले. प्रयोगशाळेच्या फेरीत रक्तवाहिनी कशी धरावी, टाका कसा घ्यावा हे या मंडळींना थॉमस यांनी शिकविले. म्हणजे एक संपूर्ण उपशाखा ज्या माणसाच्या हातातून गेली, तो त्या उपशाखेचा विद्यार्थी होऊ शकत नव्हता आणि शिक्षक म्हणून त्याची नोंद नव्हती. दिवसा ज्यांना शिकवायचे, त्यांच्यापुढे संध्याकाळी ब्लॅलॉक यांच्या घरच्या मेजवानीत पेले भरून द्यायचे. पगारात भागत नसल्यामुळे ही कामेही थॉमस यांनी केली.

४

पुस्तकाचा गाभा, माझ्या मते, १९४७ सालच्या एका हकिकतीत आहे. थॉमस तेव्हा छत्तिशीच्या पलीकडे गेले होते. अजूनही डॉक्टर होता येईल का, हे पाहण्यासाठी त्यांनी बाल्टिमोरच्या मॉर्गन या महाविद्यालयात चौकशी केली. तेथे उत्तर मिळाले की, आजवर केलेल्या कामाचे कोणतेही श्रेय मिळणार नाही. पहिल्या वर्षापासून सर्वांसारखी सुरुवात करावी लागेल. थॉमस यांनी हिशेब केला. डॉक्टर होईपर्यंत पन्नाशी येणार होती. त्यांनी तो विचार सोडून दिला.

हे महाविद्यालय कृष्णवर्णीयांचेच होते, हे येथे विसरता कामा नये. नियम सांगणाऱ्याच्या मनात द्वेष असेल असे मानायला जागा नाही. नियम सर्वांना सारखाच होता. आणि नेमके तेच या पुस्तकाचे सर्वांत कठोर सत्य आहे. अन्याय करण्यासाठी दर वेळी दुष्ट माणूस लागतो असे नाही. विषम वाटेने आलेल्यांना सारखेच माप लावणारा सुरळीत नियमही पुरतो. जगातील नामवंत शल्यविशारदांना जो शिकवतो, त्याला पहिल्या वर्षाच्या वर्गात बसवणे हा त्या नियमाच्या दृष्टीने निःपक्षपातीपणा होता.

हा प्रसंग थॉमस मोजक्या शब्दांत सांगून पुढे जातात. त्यांच्या या संयमाविषयी दलित समीक्षेने विचार केला पाहिजे. आपण आत्मकथनाकडून वेदना, नकार आणि विद्रोह यांची अपेक्षा करतो. त्या कसोटीने पाहिले तर हे पुस्तक कोणाला थंड वाटेल, कोणी त्याला तडजोडीचे पुस्तकही म्हणेल. ब्लॅलॉक यांच्याविषयी कृतज्ञता आहे, संताप जवळजवळ नाही. मला मात्र हा निर्णय घाईचा वाटतो. पुस्तकाची भाषा प्रयोगवहीची भाषा आहे. कोणत्या दिवशी कोणता प्रयोग, कोणते साधन, टाका कोणत्या प्रकारचा, प्राणी किती तास जगला, हे तपशील पानोपानी येतात. सामान्य वाचकाला ते कंटाळवाणे वाटतील. परंतु ज्याचे नाव शोधनिबंधावर आले नाही, त्याने चाळीस वर्षांनी आपल्या हातचा प्रत्येक टाका नोंदवून ठेवावा, यात लेखकत्वाचा दावा आहे. ‘मी तेथे होतो’ एवढेच हा माणूस म्हणत नाही. ‘ते मी केले आणि असे केले’ असे म्हणतो. आपल्या आत्मकथनांत भूक आणि अपमान यांचे जे स्थान आहे, ते येथे कौशल्याला आहे. दलित आत्मकथनाने श्रमाचे दुःख सांगितले. श्रमातील ज्ञान इतक्या तपशिलाने सांगणे अजून बाकी आहे, असे मला हे पुस्तक वाचून तीव्रतेने वाटले.

पुस्तकात उणीव नाही असे नाही. पगाराचा झगडा थॉमस आपल्यापुरता सांगतात. त्यांचे भाऊ हॅरल्ड नॅशव्हिलमध्ये शिक्षक होते. काळ्या शिक्षकांना गोऱ्यांइतका पगार मिळावा म्हणून त्यांनी शिक्षण मंडळावर खटला भरला आणि १९४२ साली जिंकला. एकाच घरातील एक भाऊ न्यायालयात गेला, दुसऱ्याने वरिष्ठाशी बोलून पगार वाढवून घेतला. पहिल्या वाटेने अनेकांचा पगार वाढला, दुसऱ्या वाटेने एकाचाच. या दोन वाटांचा ताळमेळ थॉमस घालत नाहीत आणि तेथे त्यांची सामाजिक जाणीव तोकडी पडते. तथापि, प्रयोगशाळेचे प्रमुख या नात्याने त्यांनी अनेक तंत्रज्ञ तयार केले, त्यांत पदवी नसलेले कृष्णवर्णीय तरुण होते, हेही त्याच तराजूत टाकले पाहिजे.

प्रस्थापितांनी या पुस्तकाचे काय केले तेही पाहण्याजोगे आहे. पहिल्या आवृत्तीचे नाव होते ‘पायोनियरिंग रिसर्च इन सर्जिकल शॉक अँड कार्डिओव्हॅस्क्युलर सर्जरी’. कोरडे नाव, परंतु पहिल्याच शब्दात संशोधनाचा दावा. पुढच्या आवृत्तीत ते ‘पार्टनर्स ऑफ द हार्ट’ झाले. संशोधन गेले आणि जिव्हाळा आला. २००४ साली निघालेल्या चित्रपटाचे नाव तर ‘समथिंग द लॉर्ड मेड’. थॉमस यांनी घातलेले टाके पाहून ब्लॅलॉक यांनी जो कौतुकाचा उद्गार काढला त्यावरून ते घेतले आहे. चित्रपट प्रामाणिक आहे आणि त्यामुळे थॉमस यांचे नाव घरोघर गेले हेही खरे. पण माणसाने सोळा वर्षे रोज घासून कमावलेल्या हाताचे श्रेय देवाच्या खात्यावर जमा व्हावे, हे आपल्या ओळखीचे आहे. कसब वरून आले म्हटले की, ज्याने ते कमावले त्याला त्याचा मोबदला आणि हुद्दा देण्याचे कारण उरत नाही.

५

आता कोणी विचारील की, हा इतिहास झाला. आजच्या प्रशिक्षणाच्या आराखड्याशी त्याचा संबंध काय? संबंध आहे. अमेरिकेत पदव्युत्तर वैद्यकीय प्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या संस्थेने १९९९ साली सहा मूलभूत क्षमता निश्चित केल्या. किती वर्षे काढली यापेक्षा काय करता येते ते पाहावे, हा त्यामागचा विचार. २००५ साली नेदरलँड्समधील ओले टेन काटे यांनी ‘विश्वासाने सोपविता येण्याजोगी कामे’ ही कल्पना मांडली : शिकणाऱ्यावर एखादे काम देखरेखीशिवाय कधी सोपवता येईल, यावरून त्याची प्रगती मोजावी. आपल्याकडेही २०१९ पासून एम.बी.बी.एस.चा अभ्यासक्रम क्षमताधारित झाला आहे. मला हा विचार योग्य वाटतो. परंतु थॉमस यांचे पुस्तक समोर ठेवले की त्यातील फट दिसते. क्षमता मोजली जाते ती दाराच्या आत आलेल्यांची. ब्लॅलॉक यांनी थॉमस यांच्यावर टाकला तेवढा विश्वास क्वचितच कोणी कोणावर टाकला असेल, आणि त्या विश्वासाचे प्रमाणपत्र कधीही होऊ शकले नाही.

आपल्या रुग्णालयांत असे हात नाहीत काय? माझे मामा सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते. नवे डॉक्टर रुजू झाले की जखम कशी धुवायची, पट्टी किती ताणायची, मूल हलत असताना टाका कसा घालायचा हे त्यांच्याकडूनच शिकत आणि वर्षभराने पुढच्या शिक्षणाला निघून जात. मामा ड्रेसर म्हणून लागले आणि ड्रेसर म्हणूनच निवृत्त झाले. देशातील अनेक शवविच्छेदनगृहांत प्रेत उघडण्याचे काम आजही बहुधा दलित समाजातील मदतनीस करतो. डॉक्टर पाहून टिपण करतात आणि अहवालावर सही करतात. हात एकाचा आणि सही दुसऱ्याची ही व्यवस्था बाल्टिमोरची मक्तेदारी नव्हे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो टाळता कामा नये. मग पदवीशिवाय कोणाच्याही हाती सुरी द्यायची काय? मुळीच नाही. बोगस डॉक्टरांचे बळी आपल्याच वस्त्यांत पडतात. पदवी, परीक्षा आणि परवाना यांनी सर्वांत अधिक रक्षण होते ते गरीब रोग्याचे, कारण श्रीमंताला चांगला डॉक्टर निवडता येतो. म्हणून प्रमाणपत्र मोडीत काढा असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की, प्रमाणपत्रापर्यंत जाणारी शिडी कोणाच्या अंगणात ठेवली आहे, हे आराखडा करणाऱ्याने पाहिले पाहिजे.

आपल्या देशात तर शिडीच्या अगदी वरच्या पायरीवर हा प्रश्न विचारणेच अनुचित ठरविले गेले आहे. १९९२ च्या मंडल निकालात सर्वोच्च न्यायालयाने अतिविशेष शाखांसारख्या ठिकाणी आरक्षण इष्ट नसल्याचे मत व्यक्त केले, आणि १९९९ साली प्रीती श्रीवास्तव खटल्यात घटनापीठाने त्याचा पुनरुच्चार केला. नीट-एसएस परीक्षेतून होणाऱ्या डी.एम. व एम.सीएच. प्रवेशांत जातीनिहाय आरक्षण नाही. तेथे केवळ गुणवत्ता चालते, असे सांगितले जाते. पण तेथील गुणवत्ता मोजणारे माप स्वच्छ आहे काय? दिल्लीच्या एम्समधील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी करण्यासाठी सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या २००७ च्या अहवालात प्रात्यक्षिक व तोंडी परीक्षेतील दुजाभावाच्या आणि वसतिगृहातील वेगळेपणाच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारी नोंदल्या आहेत. लेखी परीक्षेत उत्तरपत्रिकेला जात नसते. फेलोशिपमधील पारख तर लेखी कमी आणि नजरेने अधिक होते. कोणाला केस मिळते, कोणाला नुसते उभे राहून पाहावे लागते, हे वरिष्ठाच्या मर्जीवर ठरते. अतिविशेष शिक्षणात पक्षपाताला सर्वांत मोकळी जागा येथेच आहे.

६

मी विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाच्या बैठकांना बसते. आराखडा करताना घटक, तासिका आणि गुण यांवर तासन्‌तास चर्चा होते, हे मला ठाऊक आहे. वैद्यकातही याहून वेगळे घडत असेल असे वाटत नाही. म्हणून अतिविशेष प्रशिक्षणाचा आराखडा करणाऱ्या मंडळींपुढे थॉमस यांच्या पुस्तकातून निघणाऱ्या काही साध्या मागण्या ठेवते.

प्रवेशात केवळ एका परीक्षेतील गुण न पाहता ग्रामीण आणि सरकारी रुग्णालयांत केलेल्या सेवेला जागा द्यावी. तामिळनाडूने सरकारी सेवेतील डॉक्टरांसाठी अतिविशेष शाखांतील निम्म्या जागा राखल्या आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यानुसार प्रवेश देऊ दिले. म्हणजे हे अशक्य नाही. शिकणाऱ्या प्रत्येकाला कोणती शस्त्रक्रिया किती वेळा पाहायला, किती वेळा मदतीला आणि किती वेळा स्वतःच्या हाताने करायला मिळाली याची नोंद सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी. मर्जी कागदावर आली की तिचा हिशेब मागता येतो. तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षेत एकाहून अधिक परीक्षक असावेत आणि नापास करण्याची कारणे लिहून द्यावीत. तंत्रज्ञ, परिचारिका, ड्रेसर यांच्यापैकी जे प्रत्यक्ष शिकवतात त्यांची नावे शिक्षक म्हणून आराखड्यात यावीत आणि त्या शिकवण्याचा मोबदला त्यांना मिळावा. संशोधनात ज्याचे हात आहेत त्याचे नाव निबंधावर यावे. आणि खालच्या हुद्द्यावरून वर येऊ पाहणाऱ्याला त्याने कमावलेल्या ज्ञानाचे श्रेयांक देणारी वाट असावी; मॉर्गनच्या खिडकीवरून माणूस परत जाता कामा नये.

थॉमस यांना पुढे मान मिळाला नाही असे नाही. १९७१ साली त्यांच्या जुन्या शिष्यांनी त्यांचे तैलचित्र हॉपकिन्सला भेट दिले. १९७६ साली विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली आणि शल्यविभागात अध्यापक म्हणून नेमले, तेव्हा निवृत्तीला तीन वर्षे उरली होती. ती डॉक्टरेट वैद्यकाची नव्हती, कायद्याची होती. वैद्यकाची देणे नियमात बसत नव्हते. त्याच सुमारास लेव्ही वॉटकिन्स हे कृष्णवर्णीय शल्यविशारद हॉपकिन्समध्ये हृदयशल्यचिकित्सेचे प्रशिक्षण घेऊन पुढे मुख्य निवासी डॉक्टर झाले आणि १९८० साली त्यांनी माणसाच्या शरीरात पहिले स्वयंचलित डिफिब्रिलेटर बसविले. वॉटकिन्स एवढ्यावर थांबले नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेश समितीवर जाऊन त्यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संख्या वाढविण्यासाठी काम केले. तैलचित्र भिंतीवर लागले त्याने भिंत बदलली नाही. प्रवेश समितीत माणूस बसला तेव्हा वर्ग बदलू लागला. आपल्या मुलामुलींपैकी जे या शाखांत पोहोचले आहेत आणि उद्या अशा समित्यांवर बसतील, त्यांनी थॉमस यांचे हे पुस्तक वाचलेले असावे, एवढी माझी अपेक्षा आहे.